केर कोणीं उचलावा?

शाळेच्या पटांगणांत पडलेला कागदाचा एक बोळा हा नीतिविचाराचा विषय होऊं शकतो, असें म्हटल्यास पुष्कळ वाचकांस तें अतिशयोक्तीचें वाटेल. सत्य, न्याय, स्वातंत्र्य असे थोर विषय सोडून केरकचऱ्याकडे वळण्याची ही कोणती हौस, असाहि प्रश्न कोणी करील. परंतु मोठ्या प्रश्नांवर मनुष्य जें बोलतो त्यावरून त्याची परीक्षा होत नाहीं. हातांत केळ्याची साल आहे आणि ती टाकावयास जवळपास जागा नाहीं, अशा वेळीं तो त्या सालीचें काय करतो, यावरून ती पुष्कळ अंशीं होते, असें आमचें मत आहे. वर्धा जिल्ह्यांत राहणाऱ्यानें तर या विषयास क्षुद्र म्हणूंच नये. वर्ध्याभोंवतींच्या थोड्याशा टापूंत, दोन-चार खेड्यांच्या गल्ल्यांतून, केर कोणीं उचलावा या एका प्रश्नावर जितका विचार आणि त्याहिपेक्षां जितकें काम झालें, तितकें देशांत अन्यत्र क्वचितच झालें असेल.

हा विषय सुचण्यास निमित्त मात्र दूरचें आहे. अमेरिकेंत पुष्कळ शाळांच्या आवारांत कायमचा नेमलेला पोलीस अधिकारी असतो. ही प्रथा मिशिगन प्रांतांतील फ्लिंट शहरांत १९५० च्या दशकांत सुरू झाली, आणि पुढें शाळांतून गोळीबाराचे भयंकर प्रकार घडूं लागल्यावर ती देशभर पसरली. आपल्याकडे तसा अधिकारी अद्याप नाहीं. परंतु केरळांत २०१० सालीं विद्यार्थी पोलीस पथकांची योजना निघाली, २०१८ सालीं केंद्र सरकारनें ती साऱ्या देशासाठीं स्वीकारली, आणि पुण्या-मुंबईकडे ‘पोलीस काका’, ‘पोलीस दीदी’ अशा घरगुती नांवांनीं पोलीस शाळांतून जाऊं लागले. मुलांस त्रास देणाऱ्यांपासून त्यांचें रक्षण व्हावें, हा या योजनांचा हेतु स्तुत्यच आहे. पण अधिकाराचा स्वभाव पसरण्याचा आहे. ज्यास बाहेरचा चोर धरण्यासाठीं दारांत उभें केलें, तो रिकामा वेळ मिळाला म्हणजे आंतल्या मुलांकडे पाहूं लागतो. आणि शिक्षकहि, जें काम स्वतः करावयाचें तें त्याच्याकडे सोंपवून मोकळे होतात. टेक्सास प्रांतांत कित्येक वर्षें असेंच झालें. वर्गांत गोंधळ घालणें, अपशब्द बोलणें, असल्या गोष्टींसाठीं शाळेंतला पोलीस मुलाच्या हातांत दंडाची चिठ्ठी देई, आणि ज्या अपराधाचा निकाल गुरुजींनीं दोन मिनिटांत लावावयाचा त्यासाठीं मूल आईबापांसह न्यायाधीशापुढें जाऊन उभें राही. २०१३ सालीं कायदा करून ही रीत बव्हंशीं थांबवावी लागली.

तेव्हां प्रश्न असा उरतो, कीं मूल पटांगणांत कागद टाकतें त्या क्षणीं त्याच्यापुढें कोणीं उभें राहावें, आणि उभें राहून काय करावें?

याचें उत्तर देण्यापूर्वीं कचऱ्याच्या परिणामांचा स्वभाव नीट पाहिला पाहिजे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढें कोणतेंहि शहर हतबल झालें असतें, हें खरें. तरी नाले प्लॅस्टिकच्या पिशव्यांनीं तुंबले होते आणि त्यामुळें पाण्यास वाट मिळाली नाहीं, हेंहि तितकेंच खरें. त्या पिशव्या ज्या हातांनीं टाकल्या, त्यांपैकीं कित्येक हात त्या रात्रीं चौथ्या मजल्यावर कोरडे असतील. पाणी शिरलें तें प्रथम नाल्याकांठच्या झोंपड्यांत. आमच्याकडची गोष्ट याहून लहान, पण जात तीच. विदर्भांत खर्रा प्लॅस्टिकच्या पन्नींत बांधून मिळतो. खर्रा तोंडांत जातो व पन्नी रस्त्यावर पडते. बसथांब्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत ती दिसणार नाहीं अशी जागा वर्ध्यांत शोधूनच काढावी लागेल. उष्टें अन्न पिशवींत बांधून कोपऱ्यावर ठेवलें म्हणजे गाय तें पिशवीसकट गिळते, आणि प्लॅस्टिक तिच्या पोटांत सांचून राहतें. टाकणारा बहुधा त्याच गाईस वाटेंत हात जोडणारा असतो. त्याच्या मनांत दुष्टावा मुळींच नसतो, आणि हीच या दोषाची खरी अडचण आहे.

चोरी केली तर ज्याचें गेलें तो ओरडतो. मारलें तर मार खाणारा रडतो. कर्म आणि फल यांच्यामध्यें तेथें माणसाचा चेहरा असतो. केर टाकण्यांत असा चेहराच नाहीं. एका कागदानें नाला तुंबत नाहीं, एका पन्नीनें गाय मरत नाहीं. म्हणून प्रत्येकास आपलें कृत्य निरुपद्रवी वाटतें, आणि एका दृष्टीनें तें असतेंहि. शिवाय टाकणारा पुढें निघून जातो. मागें जें राहतें तें दुसऱ्याच्या वांट्यास येतें, आणि आपल्या देशांत हा ‘दुसरा’ कोण हें शेंकडों वर्षांपासून जन्मानेंच ठरलेलें होतें. ज्यांनीं टाकावयाचें ते एका जातींत जन्मले, ज्यांनीं उचलावयाचें ते दुसऱ्या. कर्मविपाकाचा सिद्धान्त ज्या समाजानें इतका सूक्ष्म करून सांगितला, त्याच समाजानें केराच्या बाबतींत कर्म एकाचें व विपाक दुसऱ्याचा अशी सोय करून ठेवावी, याहून मोठी विसंगति आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

जो परिणाम आपोआप कर्त्याकडे येत नाहीं तो कृत्रिम रीतीनें त्याच्याकडे आणावा, म्हणजे दंड करावा, हें राज्यकर्त्यांचें उत्तर. तें अगदींच व्यर्थ नव्हे. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली तेव्हां पहिल्या अपराधास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० असा दंड ठरविला. सिंगापुरानें १९६८ पासून स्वच्छतेची मोहीम चालविली आणि दंडाच्या बळावर तें शहर जगांत नांवाजलें. परंतु दंडाची सत्ता शिपायाची दृष्टि पोंचते तेथपर्यंतच असते. वर्धा जिल्ह्यांत कित्येक दशकांपासून कायद्यानें दारूबंदी आहे, आणि तरीहि गांवठी दारूच्या भट्ट्यांवर धाडी घालण्याचें काम पोलिसांस संपलेलें नाहीं. शाळेंत तर भयाचा आणखी एक दुष्परिणाम होतो. पोलिसाच्या भीतीनें कागद न टाकणारें मूल टाकण्यापूर्वीं इकडेतिकडे पाहावयास शिकतें. हें शिक्षणच आहे, नाहीं असें नाहीं. पण आपणांस हवें तें हें नव्हे.

दुसरें उत्तर वर्ध्याजवळच्या सिंदी गांवानें पाहिलें. (रेल्वे स्टेशनचें सिंदी निराळें, हें वर्ध्यास लागून असलेलें, मगनवाडीजवळचें.) १९३५ सालीं गांधीजी मगनवाडींत राहत असतां त्यांचे सहकारी, त्यांत महादेवभाई देसाई आणि मीराबेनसुद्धां, सकाळीं बादल्या व फावडीं घेऊन सिंदीस जात आणि गांवकऱ्यांनीं रस्त्यावर केलेली घाण उचलीत. शिक्षा नाहीं, उपदेशहि फारसा नाहीं, नुसतें उचलावयाचें. अशी कल्पना होती कीं, हें पाहून लोकांस लाज वाटेल. महिनोन्महिने काम चाललें, पण संवयींत म्हणण्यासारखा पालट दिसला नाहीं. मीराबेन पुढें त्याच गांवांत राहावयास गेल्या तरी अनुभव फारसा निराळा आला नाहीं. आणि यांत आश्चर्य करण्यासारखें काय आहे? पिढ्यान्पिढ्या जें काम कोणी तरी येऊन करीत होतें, तेंच आतां शिकलेलीं माणसें येऊन करूं लागलीं. उचलणारे बदलले, टाकणाऱ्यांच्या दृष्टीनें व्यवस्था तीच राहिली. निःस्वार्थ सेवेचें मोल कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं, परंतु टाकणाऱ्याचा परिणाम जो सेवक आपल्या अंगावर घेतो तो टाकणाऱ्यास एका अर्थीं अधिकच निर्धास्त करतो, हें कटु सत्य सिंदीनें शिकविलें असें आम्हांस वाटतें.

विनोबांनीं १९४६ पासून सुमारें दोन वर्षें पवनारहून सुरगांवीं जाऊन हेंच काम केलें. खांद्यावर फावडें टाकून ते रोज पायीं जात. एके दिवशीं वाटेंतल्या ओढ्यास पूर आला. तेव्हां ऐलतीरावरून त्यांनीं पलीकडच्या माणसास हांक मारून सांगितलें कीं, गांवचा भंगी येऊन गेला, पाण्यामुळें पोंचूं शकला नाहीं, हा निरोप देवळांतल्या देवास सांगावा, अशी त्यांच्या आठवणींत हकीकत आहे. येथें लोकांस लाज आणण्याचा हिशेब सुटलेला दिसतो. काम हीच उपासना झाली. ही वृत्ति थोर खरी. पण शाळा चालविणाऱ्यास तिचा उपयोग करतां येईल काय, याची आम्हांस शंका आहे. देवास निरोप धाडून पटांगण स्वच्छ होत नाहीं. त्या मानानें गाडगेबाबा अधिक व्यवहारी म्हटले पाहिजेत. ते दिवसां गांवांत शिरून खराट्यानें रस्ते व गटारें झाडीत, आणि रात्रीं त्याच गांवकऱ्यांस कीर्तनास बसवून प्रश्न विचारीत. आणि प्रश्न विचारून थांबत नसत, उत्तर वदवून घेत. सकाळीं ज्यानें टाकलें व ज्यानें उचललें ते रात्रीं समोरासमोर येत. केराच्या प्रकरणांत जो चेहरा हरवलेला असतो तो बाबा कंदिलाच्या उजेडांत परत आणीत असत. महाराष्ट्र सरकारनें २००० सालानंतर ग्रामस्वच्छतेच्या अभियानास त्यांचें नांव दिलें. नांवाबरोबर त्या प्रश्नोत्तरांची रीतहि घेतली असती तर बरें झालें असतें.

शाळेपुरतें बोलावयाचें तर खरें महत्त्व तिसऱ्या उत्तराचें, आणि तेंहि वर्ध्याचेंच. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद् भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें योजना आंखली, आणि पुढल्या वर्षीं हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन होऊन सेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, आर्यनायकम् पतिपत्नींच्या देखरेखीखालीं नई तालीमची शाळा सुरू झाली. या शिक्षणांत सूत आणि तकली यांची चर्चा फार झाली. सफाईची व्हावी तितकी झाली नाहीं. तेथें मुलें वर्ग, आंगण, स्वयंपाकघर आणि संडासहि स्वतः साफ करीत. जें निघे त्याचें खत होई, खत शेतांत जाई, आणि शेतांतली भाजी त्याच मुलांच्या ताटांत येई. टाकलेल्या वस्तूचा प्रवास पुरा करून ती पुन्हां टाकणाऱ्याच्या हातीं येते, हें मूल तेथें डोळ्यांनीं पाहत असे. कर्म आणि फल यांमधील जें अंतर वर आम्हीं सांगितलें तें येथें मोजून दोन-चार महिन्यांचें होई, आणि त्या मोजणींत गणितहि शिकतां येई.

या शाळेंत अधिकारीहि होता, हें विसरतां कामा नये. मुलांची आमसभा असे, आणि ती आपल्यांतूनच मंत्री निवडून देई. सफाईचें खातेंहि असें एका मुलाकडे येई. हा मंत्री देखरेख करी, चूक झाल्यास सभेंत सांगे. परंतु ज्याच्यावर देखरेख करावयाची त्याच्याच शेजारीं त्याच्याहि हातांत खराटा असे, आणि मुदत संपली म्हणजे देखरेख दुसऱ्याकडे जाई. आज ज्याचें सांगणें ऐकावयाचें तो उद्यां आपलें ऐकणार आहे, हें ठाऊक असल्यावर सांगण्यांत उर्मटपणा राहत नाहीं व ऐकण्यांत अपमान वाटत नाहीं. शाळेंतल्या पोलिसांत आणि या मंत्र्यांत भेद पडतो तो येथें. पोलीस कधींच कागद उचलीत नाहीं. तें त्याचें कामच नव्हे. म्हणून त्याच्या मुखांतून आलेला ‘उचल’ हा शब्द मुलास दर्जाचा भेद शिकवितो.

आतां या उत्तरावरील आक्षेप. तो हलका नाहीं, आणि सेवाग्रामच्या भक्तांनीं तो टाळतां कामा नये. डॉ. आंबेडकरांनीं काँग्रेस आणि गांधीजी यांच्या अस्पृश्यविषयक कार्यावर १९४५ सालीं जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यांत भंगीकामाच्या गौरवावर त्यांनीं कठोर प्रहार केला आहे. ज्याच्या गळ्यांत तें काम जन्मानें बांधलें त्यास तें उदात्त आहे असें सांगणें ही थट्टा आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा रोंख. शिवाय शाळा आणि झाडू यांचा संबंध आपल्या देशांत निष्पाप नाहीं. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ या १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिंदी आत्मचरित्रांत उत्तर प्रदेशांतील एका खेड्याच्या शाळेची हकीकत आहे. मुख्याध्यापकानें जात पाहून या एकाच मुलास सारी शाळा व मैदान झाडावयास लावलें. बाकीचे वर्गांत शिकत होते. हा झाडीत होता. तिसऱ्या दिवशीं वडील तिकडून जात असतां त्यांनीं हें पाहिलें, मुलाच्या हातांतला झाडू हिसकावून दूर फेंकून दिला आणि मुख्याध्यापकास जाब विचारला. जुनी गोष्ट म्हणून कोणी ती सोडून देईल, तर कर्नाटकांत कोलार जिल्ह्यांतील एका निवासी शाळेंत दलित मुलांस मैल्याच्या टाकींत उतरविल्याचें उघडकीस आलें तें डिसेंबर २०२३ मध्यें.

तर मग मुलांच्या हातीं झाडू द्यावयाचाच नाहीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या बापानें झाडू फेंकला तो योग्यच केलें. पण त्या फेंकण्यानें जो प्रश्न उभा राहिला तो असा, कीं मैदान आतां कोणीं झाडावयाचें? ‘कोणींच नाहीं’ हें उत्तर संभवत नाहीं, आणि ‘दुसऱ्या कोणा गरिबानें’ हें उत्तर तर पूर्वीचेंच. उरतें तें एकच, कीं वर्गांत बसलेल्यांनीं, त्या मुख्याध्यापकासह, बाहेर यावें. झाडणें पाळीनें असावें, पाळी हजेरीपटावरील नांवांच्या क्रमानें चालावी, त्यांत पाटलाचा मुलगा व डॉक्टरांची मुलगी सुटूं नये, आणि पाळींत गुरुजींचेंहि नांव असावें. एवढें होत नसेल त्या शाळेनें सेवाग्रामचें नांव न घेतां सरळ पगारी माणूस ठेवावा, आणि त्यास पगार पुरेसा द्यावा. तें अधिक प्रामाणिकपणाचें होईल.

यावरूनच एक दुसरी गोष्ट निघते, आणि तिच्याकडे पालकांचें लक्ष आम्ही विशेष वेधूं इच्छितों. पुष्कळ शाळांतून केर टाकणाऱ्यास, उशिरा येणाऱ्यास, अभ्यास न करणाऱ्यास पटांगण झाडण्याची शिक्षा देतात, आणि ही छडीपेक्षां सौम्य म्हणून तिचें कौतुक होतें. सिंगापुरानेंहि १९९२ सालीं असा नियम केला कीं, वारंवार केर टाकणाऱ्यानें भडक रंगाचें जाकीट घालून लोकांदेखत रस्ता झाडावा. ज्या देशांत झाडणाऱ्याची जात नाहीं तेथें हें कदाचित् चालेल. आमच्या शाळेंत याचा अर्थ काय होतो? झाडणें ही अपराध्याची खूण आहे, हा धडा सारा वर्ग खिडकींतून पाहून घेतो. आणि ज्या मुलाची आई पहांटे नगरपरिषदेचा रस्ता झाडावयास गेलेली असते, तें मूलहि त्याच खिडकींत असतें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलांच्या शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली आहे. ही शिक्षा त्या बंदींत बसते कीं नाहीं हें वकिलांनीं ठरवावें. त्या खिडकींतल्या मुलाचा छळ होतो, याविषयीं आम्हांस संशय नाहीं.

कोणी विचारील, मग टाकणाऱ्या मुलाचें काय करावयाचें? टाकलेलें त्यानें उचलावें, एवढेंच. आपला कागद परत घेणें ही शिक्षा नव्हे. सांडलेलें पाणी पुसण्यासारखें तें आहे. त्यापलीकडे सारें पटांगण त्याच्या माथीं मारूं नये. आणि न उचलील तर? असें मूल असतें, आणि वर्गापुढें हट्टास पेटलें म्हणजे तें मुळींच ऐकत नाहीं. अशा वेळीं गुरुजींनीं कांहीं न बोलतां स्वतः वांकून तो कागद उचलावा, आणि संध्याकाळीं, चारचौघांत नव्हे, त्या मुलास एकट्यास गांठून त्याविषयीं विचारावें. सिंदीस जें उणें पडलें तें हेंच होतें असा आमचा तर्क आहे. उचलणें झालें, विचारणें झालें नाहीं. याहि उपायानें न सुधारणारीं मुलें निघतील. त्यांच्यासाठीं पोलीस बोलावणारी शाळा मात्र आपलें काम दुसऱ्यास देऊन बसली असें आम्ही म्हणूं.

पोलीस काकांस काम उरत नाहीं असें नाहीं. त्यांनीं फाटकांत पाठ शाळेकडे व तोंड रस्त्याकडे करून उभें राहावें. शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखूचे पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्यानें बंदी आहे. तरी खर्ऱ्याची टपरी फाटकासमोर असते व तिच्या पन्न्या वाऱ्यानें आंत येतात. रात्रीं लग्नकार्यालयाच्या उष्ट्या पत्रावळी व प्लॅस्टिकचे पेले भरून आणलेली हातगाडी शाळेच्या भिंतीआड कोणी रितीं करतो. पटांगणांतला निम्मा केर मुलांचा नसतोच. मोठ्यांचा असतो, आणि त्या मोठ्यांपुढें शाळेच्या आमसभेचें कांहीं चालत नाहीं. तेथें दंड पाहिजे, चिठ्ठी पाहिजे, वर्दी पाहिजे.

शेवटीं, शाळेचें झाडणें फाटकाशीं संपतें याचाहि विचार व्हावा. सेवाग्रामीं खताचा खड्डा आवारांतच होता. शहरांतल्या शाळेचा केर घंटागाडींत जातो, आणि तेथून पुढें तो पुन्हां त्याच जुन्या हातांत पडतो, बहुधा हातमोज्यांवांचून. २०१६ च्या नियमांनीं ओला व सुका केर वेगळा करण्याचें काम टाकणाऱ्यावर घातलें, तें या हातांसाठींच होतें. सफाईच्या तासाला मुलांस हेंहि दाखवितां येईल: गाडीवरच्या बाईंचें नांव काय, त्या किती वाजतां येतात, हात कशानें कापतो. फुटलेला पेला तसाच टोपलींत न टाकतां जुन्या वर्तमानपत्राच्या दोन पदरांत गुंडाळावा, सुतळीनें बांधावा, आणि वर शाईनें मोठ्या अक्षरांत ‘कांच’ असें लिहावें.